खारूची करंगळी

आधीच कबूल करून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला तोंडावर पाडायला नको. पेंटरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं ठाम मत झालं होतं, की हा माणूस चालू आहे.

आम्ही नुकतेच या इमारतीत राहायला आलो होतो. अर्धं सामान जिन्यातच होतं. मी बादल्या, सुपं, उशा असं हाताला येईल ते वर नेत होते, आणि तळमजल्याच्या दारात हे गृहस्थ उभे. शर्टावर रंगाचे डाग, कानावर पेन्सिल, आणि नजर सरळ माझ्या हातांवर. तोंडाकडे नाही, हातांवर! मी बादली डाव्या हातातून उजव्या हातात घेतली, तर नजरही मागोमाग उजवीकडे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी नवऱ्याला सांगितलं, "खालच्या माणसाची नजर बरी नाही. दाराला आणखी एक कडी बसवून घ्या." नवरा म्हणाला, "तुझ्याकडे बघतोय? नक्की तुझ्याकडेच?" त्या प्रश्नाची शिक्षा त्याने पुढे आठवडाभर भोगली, पण तो विषय वेगळा.

चौथ्या दिवशी पेंटरांची बायको वर आली. पोस्टात कामाला, नीटनेटकी, हळू बोलणारी. दारातच घुटमळत म्हणाली, "ताई, रागावू नका. ह्यांना विचारायचंय, पण लाजतात. तुमचे हात तासभर मिळतील का?"

"हात?"

"एका म्हातारीचं चित्र चाललंय. चेहरा झाला, साडी झाली, खुर्ची झाली. हात नाहीत."

मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते. सेहेचाळीस! म्हातारीला माझे हात! अजून आठवलं की हसू येतं आणि थोडा रागही येतो. पण गेले खाली. तासभर खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवून बसले. तेवढ्या तासात त्या घरातलं सगळं जाणून घेतलं, आणि कडी बसवून झाली होती तीही काढायला लावली नाही, उगाच आपली चूक भिंतीला कशाला दाखवा.

तर पेंटरांचा धंदा हा. माणूस गेलं की घरचे लोक बोटाएवढा फोटो घेऊन यायचे. ओळखपत्रावरचा, शाळेच्या दाखल्यावरचा, कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापलेला. पेंटर त्यावर पेन्सिलीने बारीक चौकटी आखायचे, तशाच मोठ्या चौकटी कॅनव्हासवर आखायचे, आणि एकेक चौकट भरत माणूस मोठं करायचे. खुर्चीत बसलेलं, गुडघ्यापर्यंत. अडचण एकच. अशा फोटोत माणूस खांद्याला संपतो. हात कुणाचेच नसतात. मग हात उसने.

आणि लोक तरी कसले! कुणी म्हणायचं, दात पुढे होते, ते आत घ्या. कुणी म्हणायचं, डोळा तिरळा होता, तेवढा सरळ. एक मुलगा आला, म्हणाला, वडील जन्मात हसले नाहीत, जरा हसवता आलं तर बघा. पेंटरांनी हसवले. मुलगा चित्र घ्यायला आला आणि बराच वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, "नको, पुसा. हे आमचे नाहीत." पुसून पुन्हा रागीट करून दिले, तेव्हा खूश होऊन घेऊन गेला. मी पेंटरांना चिडवायची, "तुम्ही चित्रकार नाही हो, मेलेल्यांचे न्हावी आहात." ते म्हणायचे, "ताई, लोक माणूस परत मागायला येतात. तेवढं कुठे आपल्या हातात आहे? मी जरा नीटनेटकं करून देतो, एवढंच."

माझे हात त्यांना एकदाच लागले, तेव्हा मुलगी आजोळी गेली होती म्हणून. एरवी घरचे हात होते ना, खारूचे. खारू म्हणजे त्यांची मुलगी. एकुलती. लहानपणी बापाच्या पेन्सिली मागच्या टोकाने कुरतडून ठेवायची म्हणून खार, खारूताई, आणि मग नुसती खारू. मी आले तेव्हा ती चौदाची होती. आठ वर्षांची असल्यापासून ती बापासमोर हात ठेवून बसायची. लहान मूल गेलेलं असलं की तिचे तेव्हाचे हात, तरुण बाई गेलेली असली की मोठेपणीचे हात. वयस्क बाई असली तर त्याच हातांवर चार सुरकुत्या चढवायच्या. या गावात अशी किती घरं असतील जिथे गेलेली बाई भिंतीवरून बघतेय, आणि मांडीवर हात आहेत ते खारूचे.

फक्त एक गोष्ट सोडून. तिची उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. सहा वर्षांची असताना लोखंडी कपाटाच्या दारात सापडली होती. पेंटर प्रत्येक चित्रात ती सरळ करायचे. खारू चित्राजवळ नाक नेऊन बघायची आणि म्हणायची, "बाबा, माझं बोट कुठे गेलं?" ते म्हणायचे, "गिऱ्हाइकाला आवडत नाही बेटा." ती माझ्याकडे वळायची, "मावशी, बघ. मी मेलेल्या बायकांच्या सुद्धा लायकीची नाही."

असली तोंडाळ पोरगी. कुणावर गेली होती कोण जाणे, आईबाप दोघंही मुखदुर्बळ. मला वाटतं माझ्यावरच गेली होती.

मागच्या वर्षी गेली. एकतीस वर्षांची. बालवाडीत शिकवायची. सकाळी डबा घेऊन निघाली, जिन्यात मला म्हणाली, "मावशी, गुडघ्याला तेल लाव, कुरकुर खाली ऐकू येते." दुपारी शाळेतून फोन आला. डोकं दुखतंय म्हणून बाकावर टेकली होती, ती उठलीच नाही. डोक्यात गाठ होती म्हणे, कुणाला कळलीच नव्हती. मी यापेक्षा जास्त सांगणार नाही. सांगता येत नाही म्हणून नाही, त्यात सांगण्यासारखं काही नाहीच म्हणून.

दोन महिन्यांनी वहिनी, म्हणजे पेंटरांची बायको, त्यांना म्हणाल्या, "हिचं चित्र काढा."

एवढंच. साऱ्या गावाची माणसं काढून झाली होती, आता घरचं. पेंटरांनी कॅनव्हास ताणला. चेहरा आठ दिवसांत उतरला. मी रोज खाली जायची आणि दारातूनच परत यायची, इतका तिचा होता तो. खालचा ओठ जरा दाबलेला, आता काहीतरी बोलणार तसा. मग खांदे, कपडे, खुर्ची. मग हात. हाताचा फोटो लागत नव्हता, ते हात पेंटरांना पाठ. एका दुपारी संपवलं आणि वहिनींना बोलावलं.

वहिनी बराच वेळ बघत होत्या. मग विचारलं, "ही कोण?"

"अगं, आपली खारू."

"आपल्या खारूचं बोट असं नव्हतं."

सवयीने सरळ काढली होती हो करंगळी! तेवीस वर्षांचा सराव, ब्रश आपोआप सरळ गेला. पेंटरांना स्वतःला कळलंही नव्हतं. वहिनी आत निघून गेल्या. जाताना सांगून गेल्या, हे भिंतीवर लावायचं नाही, मला माझी मुलगी हवी आहे, गिऱ्हाइकाची नको.

पेंटरांनी टर्पेंटाइनने चित्रातला हात पुसला. आता वाकडं काढायचं. ब्रश उचलला आणि थांबले. वाकडं म्हणजे कसं? किती? कुठल्या बाजूला?

फोटो सगळे धुंडाळले. एकाही फोटोत तो हात नाही. शाळेच्या फोटोत पाठीमागे, सहलीच्या फोटोत खिशात, मैत्रिणीच्या लग्नात पदराखाली.

"का नाही ते माहीत आहे का?" वहिनी म्हणाल्या. "तुम्ही चित्रात सरळ करायचात, म्हणून तिला कळलं की ते लपवायचं असतं."

मी तिथेच बसले होते. कुठे बघावं ते कळेना, म्हणून ब्रश मोजत बसले. सतरा होते.

आणि मग तो वाद सुरू झाला, जो चार महिने चालला.

"आत वळलेलं होतं," वहिनी म्हणायच्या. "शेजारच्या बोटाकडे. त्याला चिकटून."

"बाहेर," पेंटर म्हणायचे. "मध्ये फट दिसायची."

"मी तिची आई आहे."

"मी तेवीस वर्षं त्याच बोटाकडे बघत होतो."

"बघत नव्हतात. पुसत होतात."

मी वहिनींच्या बाजूने. मला तरी काय आठवत होतं? मेलं सतरा वर्षं ते पोर माझ्या डोळ्यांसमोर. माझ्या घरची वाटी परत द्यायला यायची, त्याच हाताने कडी वाजवायची. करंगळी वाकडी होती हे शपथेवर सांगेन, पण कुठल्या बाजूला? डोळे मिटले की कधी आत दिसायची, कधी बाहेर. तरी मी म्हणायची, "पेंटर, आई म्हणतेय ना? मग आतच." वादात बाईच्या बाजूने उभं राहायचं ही माझी जुनी खोड.

कॅनव्हासवर मनगटाच्या पुढे पांढरा डाग तसाच राहिला. बाकी सगळी खारू, आणि एक हात नाही. पेंटर दुसरी कामं परत पाठवायला लागले. दाढी वाढली. एकदा मी जरा ओरडलेच, "काढा ना कसंही! एवढंसं बोट ते!"

ते म्हणाले, "ताई, तिला दुसऱ्या कुणी एवढं निरखून बघितलेलं नाही. माझं कामच ते होतं. ते बोट मला आठवत नसेल, तर मी तिला बघितलंच नाही म्हणायचं."

मग एका सकाळी पेंटर जिना चढून वर आले. धापा टाकत होते. म्हणाले, "ते आहे."

"काय आहे?"

"बोट. सगळ्या चित्रांत आहे. खाली आहे."

मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. बसवलं, पाणी दिलं. मग त्यांनी नीट सांगितलं. समोर बसलेल्याचा हात काढायचा तर आधी खरा काढावा लागतो; खारूचा तेवढा पाठ म्हणून पहिल्यापासून सरळच उतरला होता. करंगळी वाकडी असली की शेजारच्या बोटावर, तळव्यावर सगळा भार वेगळा येतो. पहिल्यापासून सरळ काढली तर हात लाकडाचा दिसतो. म्हणून आधी जशी आहे तशी काढायची, दुपारपर्यंत रंग सुकू द्यायचा, आणि मग वरून पातळ रंगाने सरळ करायची. म्हणजे गावातल्या प्रत्येक चित्रात सरळ करंगळीच्या खाली वाकडी करंगळी आहे.

"मग काय करणार? लोकांच्या घरात जाऊन त्यांची माणसं खरवडणार?"

"एकच. नखाएवढं. लगेच परत रंगवून देईन." खिशातून कापूस आणि टर्पेंटाइनची बाटली काढून दाखवली. चोरासारखे दिसत होते, आणि चोरसुद्धा अगदीच नवशिका.

मी बरोबर गेले. एकटे गेले असते तर पहिल्याच दारात रडले असते.

पहिलं घर एका मास्तरणीचं. आत्याचं चित्र होतं. भिंतीवर ओल आली होती, ती झाकायला बाईने आत्याला दिवाणखान्यातून उचलून जिन्यात लावलं होतं. मी म्हटलं, "छान कामाला लावलंत आत्याला." ती म्हणाली, "हो ना, आणि अगदी बरोबर मापाची निघाली!" पण ओलीने आत्याला खालून खाल्लं होतं. कमरेखाली सगळी काळी बुरशी. हात नव्हतेच. पेंटरांनी त्या बुरशीवर हात ठेवला, बोटाला काळं लागलं, ते रुमालाने पुसलं आणि आम्ही उतरलो.

दुसरं घर एका म्हाताऱ्याचं. शिलाई मशिनी दुरुस्त करणारा, आता एकटाच राहतो. बायको जाऊन पंधरा वर्षं झाली. चित्र भिंतीवर उंच नव्हतंच. खुर्चीवर ठेवलं होतं, जेवणाच्या टेबलापाशी, त्याच्या समोर. त्याला पेंटरांनी काय करायचं ते खरं सांगितलं. फक्त कशासाठी आणि हात कुणाचे ते सांगितलं नाही. म्हणाले, रंगाची एक तपासणी करायची आहे, बोटापाशी जरासा रंग काढावा लागेल, परत लावून देतो.

म्हातारा म्हणाला, "काढा की. तुमचंच काम आहे." मग चित्राकडे बघून हसला. "फक्त जपून. चेहरा तुम्ही चांगला काढलात, पण खरं सांगू? चेहरा जरा दुसऱ्याच कुणाचा वाटतो. हात मात्र तिचे. हजार बायकांत ओळखेन. संध्याकाळी आलो की मी आधी हातांशीच बोलतो."

पेंटरांनी बाटलीचं बूच काढलं होतं. वास खोलीभर पसरला होता. ते तसेच उभे. मग बूच लावलं.

"राहू द्या," म्हणाले. "रंग उत्तम आहे."

बाहेर आल्यावर मी चिडले. "माणूस हो म्हणाला होता! नखाएवढं तर काढायचं होतं!"

"त्याच्या बायकोला वाकडी करंगळी नव्हती, ताई."

रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसलो. माझे गुडघे गेले होते, आणि त्यांचं सगळंच गेलं होतं. तेव्हा मी सहज विचारावं तसं विचारलं, "पण गिऱ्हाइकांना खरंच खटकायचं का हो ते बोट? म्हातारीच्या बोटाकडे कोण बघतंय?"

ते खिशातली बाटली चाचपत राहिले. मग म्हणाले, "गिऱ्हाइकाचं काही नव्हतं. कपाटाचं दार हिने लावलं होतं. पोस्टात जायची घाई होती, मूल मागे आहे हे बघितलं नाही. संध्याकाळी कामावरून आली की चहा घेऊन माझ्या खोलीत यायची, आणि समोर ओलं चित्र. मग मी ती यायच्या आत सरळ करून ठेवायचो. पुढे सवय झाली."

माझ्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. मी त्यांना वचनबिचन काही दिलं नाही. त्यांनीही मागितलं नाही.

तिसरं दार वाजवलं, तर उघडणारी बाई पेंटरांना बघून एकदम पांढरी पडली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"मी काही केलेलं नाही हं! मी रोज पुसते. साबणाच्या पाण्याने, अगदी स्वच्छ."

तिच्या थोरल्या जाऊबाईंचं चित्र होतं, बारा वर्षांपूर्वीचं. पेंटर प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगत, ओल्या फडक्याने पुसू नका. आणि हे चित्र इतक्या घाईने नेलं होतं, की वरचा वॉर्निशचा हातसुद्धा द्यायचा राहिला होता. त्यावर बारा वर्षं, रोज, साबणाचं पाणी.

"जाऊबाई असताना दिवसभर मला बोट दाखवायच्या," ती कुजबुजली. "इथे धूळ, तिथे धूळ. म्हणून म्हटलं आता तरी धूळ दिसू द्यायची नाही. आणि आता बघा, हळूहळू बोटच वाकडं व्हायला लागलंय. भाऊजींनी बघितलं तर म्हणतील मी मुद्दाम केलं."

तिने पडदा सरकवला.

उजव्या हाताची करंगळी. वरचा सरळ रंग पुसट होऊन ढगासारखा राहिला होता, आणि त्याच्या खालून ती वर आली होती. मधल्या पेरापासून बाहेर वळलेली. शेजारच्या बोटापासून दूर. मध्ये फट. टोकाशी थोडीशी वर उचललेली, कुणी बोलावलं की वळावं तशी. आणि मला एका क्षणात सगळं आठवलं. ती वाटी धरायची तेव्हा हे एकच बोट वाटीला न लागता बाहेर राहायचं, नटव्या बायका चहा पितात तसं, आणि मी तिला चिडवायचीसुद्धा त्यावरून. किती वेळा चिडवलं असेन! आणि तेही विसरले होते.

पेंटर खाली बसले. जमिनीवर, मांडी घालून. कागद काढला, पेन्सिल काढली. रडत होते, पण पेन्सिल हलत नव्हती जरासुद्धा. तासभर काढत होते. इकडून, तिकडून. फूटपट्टीने फट मोजली. ती बाई माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघत नव्हते.

शेवटी तिने धीर करून विचारलं, "होईल ना नीट? संध्याकाळी भाऊजी येतात."

मी म्हटलं, "राहू द्या ना असंच. छान दिसतंय. जरा ठसका येतो चित्राला."

"अहो पण जाऊबाईंचं बोट असं नव्हतं!"

तेच वाक्य. अगदी तेच. पेंटरांनी वर बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस चित्र उचलून पळत सुटणार, आणि खरं सांगते, मी दार उघडून धरायला तयार होते. पण त्यांनी पिशवीतून रंग काढले. म्हणाले, "त्यांच्या जाऊबाई आहेत, ताई."

आणि पुन्हा सरळ केली. ब्रशचे तीन फटकारे, चौथा नखासाठी. एकतीस वर्षांच्या मुलीचं बोट, चार महिने शोधून सापडलेलं, आपल्या हाताने पुन्हा झाकलं. बाईला म्हणाले, "वाळलं की वॉर्निश लावून देईन. मग पुसा काय पुसायचं ते."

परतीच्या वाटेवर आम्ही बोललो नाही. मी! बोलले नाही!

घरी आल्या आल्या पेंटर चित्रापुढे बसले. वहिनी पोस्टातून आल्या तेव्हा हात जवळजवळ झाला होता. मी कोपऱ्यात बसून होते. कुणी जा म्हणालं नव्हतं, आणि म्हणालं असतं तरी गेले नसते. वहिनी खांद्यावरची पिशवी न उतरवताच बघत राहिल्या.

"हे आता कुठून आणलंत?"

त्यांनी कागद दिले. सगळी हकिगत सांगितली. वहिनी ऐकत होत्या, पण दुखावलेलं माणूस जुन्या जागेवरच परत येतं. म्हणाल्या, "एवढं सुरेख बोट. आणि जन्मभर लपवायला लावलंत तिला."

पेंटर खाली मान घालून बसले. हा माणूस स्वतःच्या बाजूने कधीच बोलणार नाही, हे मला दिसत होतं. मग माझ्याच्याने राहवेना.

"वहिनी, ते गिऱ्हाइकासाठी नव्हतं. तुम्ही चहा घेऊन यायचात म्हणून होतं."

"ताई!" पेंटर म्हणाले.

"ताई बिई काही नाही. तुम्हाला ते दिसू नये म्हणून सरळ करून ठेवायचे. कपाटाचं दार—"

"मला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या.

पेंटरांनी मान वर केली.

"पहिल्यापासून माहीत आहे. म्हणून तर दाराबाहेर उभी राहून कपबशी वाजवायचे. ब्रश खाली ठेवल्याचा आवाज आला, की मग आत यायचे." त्यांनी पिशवी उतरवून खाली ठेवली. "मला वाटायचं, यांना तेवढंच करता येतंय, तर करू द्यावं. दोघंही शहाणे आपण. आणि पोर मधल्यामध्ये विचारत बसली, माझं बोट कुठे गेलं."

त्या खुर्चीत बसल्या. टर्पेंटाइनचा वास आणि बाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होत नव्हती. वहिनींनी हात पुढे करून चित्रातल्या करंगळीच्या अगदी जवळ नेला. रंग ओला होता. लावला नाही.

"पण मला आतच कसं आठवतंय?" त्या म्हणाल्या. "डोळ्यांपुढे आहे माझ्या. शेजारच्या बोटाला चिकटलेलं."

"तू बांधलं होतंस ना," पेंटर म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलं होतं, शेजारच्या बोटाला बांधून ठेवा. तू फडक्याने बांधायचीस. दीड महिना. तेव्हा आतच होतं. सोडल्यावर बाहेर गेलं."

वहिनींनी तोंडावर पदर धरला. पदराआडून म्हणाल्या, "म्हणजे मी पंचवीस वर्षं बांधलेलंच बघत होते."

पेंटर उठले, त्यांच्याजवळ गेले. वाटलं, आता पाठीवर हात ठेवतील. पण चार महिने हा माणूस ऐकून घेत होता हो, रोज दोन वेळा.

"म्हणजे बाहेर," म्हणाले.

"काय?"

"बाहेरच होतं की नाही?"

वहिनींनी पदर खाली घेतला. डोळे लाल. "होतं."

"मी काय म्हणत होतो?"

"आता हे काय? आत्ता?"

"काय म्हणत होतो?"

"बाहेर म्हणत होतात."

"आणि तू?"

"आत. झालं समाधान?"

"आणि ताई?"

मी म्हटलं, "मला कशाला ओढता? मी नुसती वहिनींच्या बाजूने होते."

"बाजूने होतात म्हणजे आतच म्हणत होतात."

"मी काय तुमच्यासारखी पेंटर आहे? मला काय कळतंय?"

"कळत नव्हतं तर रोज कशाला म्हणत होतात?"

"बरं बाई, चुकले."

"काय चुकले? कसं होतं बोट?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी वहिनींकडे.

"बाहेर," आम्ही म्हणालो.

"फट होती की नव्हती?"

"होती हो, होती!"